३६ हजारांचं समाधान आणि ८० हजारांची ऑफर

प्रश्न थोडक्यात असा. वय ३२. फोर्टमधल्या एका जुन्या ग्रंथालयात कागद-संवर्धनाचं काम, म्हणजे हस्तलिखितं, नकाशे, जीर्ण ग्रंथ दुरुस्त करून टिकवणं. नोकरीला चार वर्षं दोन महिने झालेत आणि हातात ३६,००० येतात. डोंबिवलीत भाड्याचा वन बीएचके. बायको पतपेढीत, तिचे २२,०००. मुलगी येत्या जूनपासून शाळेत जाईल, वडिलांना गावी पैसे पाठवावे लागतात. अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीने ऑफर दिली आहे: बँका आणि विमा कंपन्यांच्या जुन्या कागदपत्रांचं स्कॅनिंग करणाऱ्या टीमचा क्वालिटी लीड, वर्षाला ९ लाख ६० हजार. ‘आत्ताच्या कामात जीव रमतो. बायको म्हणते घे, माझं मन होत नाही. पैशासाठी आवडतं काम सोडणाऱ्यांना पुढे पश्चात्ताप होतो का?’

काहींना होतो, काहींना नाही. आवडतं काम धरून बसलेल्यांनाही होतो. मुंबईतल्या कंपन्यांच्या एचआरमध्ये माझी वीसेक वर्षं गेली. माणसं घेतली, माणसांना निरोप दिले, आणि सोडून जाणाऱ्यांशी शेवटच्या आठवड्यात जे बोलणं होतं ते बरंच ऐकलं. त्यावरून एवढं सांगते की पश्चात्तापाचं उत्तर कोणत्या बाजूला गेलात यावर फारसं अवलंबून नसतं. तुम्ही एका पारड्यात ‘समाधान’ ठेवलंय आणि दुसऱ्यात ‘८० हजार’. दोन्ही अजून उघडून पाहिलेली नाहीत. आधी ती उघडू.

८० हजारांपासून सुरुवात करते, कारण ते सोपं आहे. ९ लाख ६० हजारांना बाराने भागलं की ८० हजार येतात, पण तो सीटीसी आहे, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, पगार नव्हे. पगाराचा तक्ता तुम्ही दिलेला नाही, म्हणून नेहमीची मांडणी धरते. मूळ पगार निम्मा, म्हणजे महिना ४०,०००. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ, वर्षाचे ५७,६००, हे सीटीसीतच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटीचे म्हणून मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, साधारण २३,०००. हे पैसे कायम नोकरीत पाच वर्षं काढल्याशिवाय हाती लागत नाहीत, तरी ऑफरमध्ये छान दिसतात. ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता १२-१५ हजार. आणि दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे ९६,०००, जे वर्षाच्या शेवटी ‘कामगिरीनुसार’ मिळतात. पहिल्या वर्षी ते पूर्ण मिळतील असं कधीच धरू नका.

हे सगळं वजा केलं की महिन्याचा ढोबळ पगार उरतो ६४,००० च्या आसपास. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात ५९,०००. इन्कम टॅक्सची काळजी नको. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही. म्हणजे खरा सामना ३६ विरुद्ध ८० चा नाही, ३६ विरुद्ध ५९ चा आहे. फरक २३ हजारांचा. तोही मोठाच आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण घरात जी चर्चा चालली असेल ती ४४ हजारांच्या फरकावर चालली असेल.

आता वेळ. सध्या तुम्ही डोंबिवलीहून फास्ट पकडून सीएसएमटीला उतरता आणि चालत ग्रंथालयात जाता. संध्याकाळी गाडी सीएसएमटीहूनच सुटते, त्यामुळे पाच मिनिटं आधी गेलात तर बसायला मिळतं. अंधेरी पूर्वेला जायचं म्हणजे घाटकोपरला उतरून पुलावरच्या गर्दीतून मेट्रो वन, मग स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची रांग. येताना घाटकोपरला चढायचं म्हणजे बसणं विसराच, दारात उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ. घड्याळात हा प्रवास फार तर अर्धा तास जास्त भरेल. अंगाला तो किती जास्त लागतो हे मध्य रेल्वेवाल्याला सांगायला नको.

मी लोकांना एक साधा हिशोब करायला लावते: घरातून निघाल्यापासून घरी परतेपर्यंतच्या प्रत्येक तासाला किती मिळतात? तुमचं आजचं काम साडेसात तास, प्रवास तीन, महिन्याला २३ दिवस. ३६,००० ला त्या तासांनी भागलं की तासाला साधारण १५० रुपये. नव्या ठिकाणी साडेनऊ तास, प्रवास साडेतीन, आणि एक आड एक शनिवार असल्यामुळे २४ दिवस. ५९ हजारांतून मेट्रो, रिक्षा आणि बाहेरचं खाणं मिळून चार हजार वजा केले, तर तासाला १७५. म्हणजे घरी पैसे नक्की जास्त येतील, पण त्यातले बरेचसे तुम्ही जास्त तास विकून आणणार आहात. पैशाची खरीच नड असेल तर तास विकण्यात गैर काही नाही. फक्त आपण काय विकतोय ते माहीत असावं. हा प्रवास एकदा करून बघा, आणि रविवारी नको. सुट्टी टाकून एखाद्या सोमवारी सकाळी पावणेआठला निघा आणि संध्याकाळी सातला परत फिरा.

आता दुसरं पारडं. तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात: ‘ज्यांनी मला हे काम शिकवलं ते सर मार्चमध्ये रिटायर होतायत.’ मला सगळ्या पत्रात हेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

लोक ‘कामात समाधान आहे’ म्हणतात तेव्हा त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. खुद्द कामाची गोडी असते. डोक्यावर कोणी बसत नाही याचं सुख असतं. एखादा वरिष्ठ किंवा सहकारी असतो ज्याच्यामुळे दिवस चांगला जातो. आणि कधी कधी नुसती सवय असते, बदलाची भीती समाधानाचा शर्ट घालून बसलेली. यातली पहिली गोष्ट तुमच्याबरोबर राहते. बाकीच्या माणसांवर आणि परिस्थितीवर टिकून असतात, आणि त्या हलल्या की उरतो फक्त कमी पगार. एक चांगला साहेब गेला आणि सहा महिन्यांत अख्खा विभाग रिकामा झाला, असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. त्यातले कित्येक जण वर्षभर आधी चांगल्या ऑफर नाकारून बसले होते.

म्हणून दोनेक आठवडे एवढं करा. परतीच्या गाडीत फोनवर रोज एक ओळ लिहा: आज कोणत्या तासाला बरं वाटलं आणि तेव्हा मी काय करत होतो. ‘ओला कागद जपानी टिश्यूवर नीट बसला तेव्हा’ असं वारंवार आलं तर ती कामाची गोडी आहे. ‘सरांबरोबर चहा पिताना’ असं वारंवार आलं तर मार्चनंतरचा विचार आत्ताच करायला हवा. आणि अर्ध्या ओळी रिकाम्या राहिल्या तर तेही उत्तरच आहे.

आता घरखर्च. तुम्ही दिलेले आकडे असे: भाडं १७,०००, वडिलांना ६,०००, किराणा-दूध-बिलं १६,०००, पास आणि वरखर्च साडेतीन हजार, मुलीच्या नर्सरीचे ३,०००. एकूण साडेपंचेचाळीस. दोघांचे मिळून ५८ येतात, म्हणजे साडेबारा उरतात. मुंबईच्या परिघात भाड्याने राहून एवढे उरतात म्हणजे संसार नीट चाललाय, तुम्ही बुडत वगैरे नाही. ‘नड आहे म्हणून जावंच लागेल’ असं आज तरी नाही.

पण कमी पगाराच्या नोकरीत धोका आजच्या आकड्यात नसतो, तो वाढीच्या वेगात असतो. तुम्ही लिहिलंय की वर्षाला हजार-अकराशे वाढतात. बायकोचेही तेवढेच धरू. इकडे भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, दर वेळी मालक काहीतरी वाढवतोच, आणि बाकीचा खर्चही मागे राहत नाही. वर्षाला आठ टक्के धरले तर साडेतीन हजारांनी खर्च चढतो आणि दोन-सव्वादोन हजारांनी उत्पन्न. म्हणजे तुमचं उरणं दर वर्षी दीडेक हजाराने आटतंय. जूनमध्ये शाळेची फी त्यातले तीन-साडेतीन हजार एकदम नेईल. उरलेले नऊ पाच-सहा वर्षांत संपतील, तेही या काळात घरात कोणी आजारी पडलं नाही तर. तुम्ही ३८ चे असाल तेव्हा मुलगी तिसरी-चौथीत असेल, वडिलांचं वय झालेलं असेल, आणि तेव्हा ‘आता बदलू’ म्हणणं आजच्यापेक्षा पुष्कळ अवघड असेल.

इथे तुमच्या बायकोचं म्हणणं परत ऐका. तुम्ही ते ‘पैशाची बाजू’ म्हणून एका ओळीत उरकलंय. समाधान तुमच्या एकट्याच्या खात्यात जमा होतं, ओढाताण दोघांच्या. पतपेढीत ती रोज लोकांचे कर्जाचे हप्ते थकलेले बघते, तेव्हा तिला आटणारा आकडा तुमच्याआधी दिसला असेल तर नवल नाही. तिला ‘घेऊ का नको’ विचारण्यापेक्षा ‘किती उरले म्हणजे तुला झोप लागेल?’ हे विचारा. बहुतेक घरांत हा आकडा ८० हजारांपेक्षा खूप खाली निघतो.

तो आकडा समजा महिन्याला वीस हजार उरण्याचा निघाला. म्हणजे तुम्हाला आठेक हजार कमी पडतायत. आठ हजारांसाठी क्षेत्र सोडायचं का, हा वेगळाच प्रश्न झाला, आणि त्याला अंधेरीशिवाय इतरही उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर तुमच्याच ग्रंथालयात आहे. सर रिटायर होतायत म्हणजे एक जागा आणि एक पगार मोकळा होतोय. ती जागा कोणाला देणार, हे विश्वस्तांनी ठरवलंय का? न्यासावर चालणाऱ्या संस्थांमध्ये ‘पगार वाढवा’ म्हटलं की ‘निधी नाही’ हे उत्तर तयार असतं. त्याऐवजी लेखी प्रस्ताव द्या: सरांच्या कामाची जबाबदारी घेतो, पद आणि श्रेणी त्याप्रमाणे मिळावी, कुटुंबाचा मेडिक्लेम संस्थेने काढावा, आणि शनिवार-रविवारी खासगी काम करायची लेखी परवानगी असावी. हा प्रस्ताव पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी जायला हवा, एप्रिलमध्ये देऊन उपयोग नाही. खासगी कामाची परवानगी क्षुल्लक समजू नका. जुन्या घराण्यांकडे पोथ्या आहेत, मंदिरांकडे दप्तरं आहेत, वकिलांकडे जुने दस्त आहेत, आणि ते हाताळता येणारी माणसं मुंबईत मोजकी आहेत. महिन्याला आठ हजार तिथून येणं अशक्य वाटत नाही.

अंधेरीची ऑफर दाखवून विश्वस्तांना दबावात घेऊ नका, एवढं मात्र पाळा. कंपन्यांमध्ये तो खेळ चालतो, तिथे दोन्ही बाजूंना नियम माहीत असतात. जुन्या संस्थांमध्ये तो अपमान समजला जातो, आणि नंतर पगार वाढला तरी वागणूक बदलते.

दुसरं उत्तर म्हणजे ऑफर घ्या, पण मुदत ठरवून. दोन-तीन वर्षं, त्यानंतर पुन्हा विचार. हे बोलायला सोपं आहे. ते फसतं कुठे ते सांगते.

आवडतं काम सोडून गेलेली माणसं परत का येत नाहीत याचं कारण लोक ‘जुन्या ठिकाणी घेत नाहीत’ असं समजतात. माझा अनुभव वेगळा आहे. जुनं क्षेत्र बहुतेक वेळा घ्यायला तयार असतं. परतीची वाट खर्च बंद करतो. तुमचंच उदाहरण घ्या. नव्या नोकरीत दोघांचे मिळून ८१ हजार हातात येतील. सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जमल्या की बँका त्यावर ३५,००० चा हप्ता सहज मंजूर करतील. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ते ४० लाखांचं कर्ज झालं. डोंबिवलीत वन बीएचके येतो, सगळे पेढे खातात, आणि त्या दिवशी तुमचं कागद-संवर्धन संपतं. कारण ५८ हजारांतून ३५ गेले की २३ उरतात, आणि त्यात घर चालत नाही. घर घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. घर हवं असेल तर ‘आम्ही घरासाठी क्षेत्र बदललं’ असं ठरवून घ्या, तोही चांगला निर्णय आहे. पण ‘दोन वर्षांनी परत येईन’ आणि वीस वर्षांचा हप्ता, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

मुदत ठरवून जायचं तर पहिल्या पगारापासून वरची रक्कम दुसऱ्या खात्यात वळवा आणि घर ३६ वरच चाललंय असं धरून चालवा. प्रवासखर्च जाऊन महिना १९,००० बाजूला पडले तर सव्वा वर्षात सहा महिन्यांच्या घरखर्चाची गंगाजळी होते. त्यातच कंपनीच्या ग्रुप विम्यावर विसंबून न राहता स्वतःचा कौटुंबिक मेडिक्लेम काढा. ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, त्यामुळे हप्ता पूर्वीइतका जड राहिलेला नाही. आणि हाताची सवय मोडू देऊ नका. महिन्यातून एक शनिवार ग्रंथालयाच्या जुन्या संवर्धन प्रयोगशाळेत जाऊन बसा, तसं निघतानाच ठरवून ठेवा. तुमचं क्षेत्र एवढं लहान आहे की कसे गेलात ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. अर्धवट राहिलेली कामं पूर्ण करून, पुढच्या माणसाला शिकवून जा.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, असंही तुम्ही विचारलंय. मी आधी विश्वस्तांकडे गेले असते आणि कंपनीकडून पंधरा दिवस मागितले असते. खरी गरज असलेली कंपनी पंधरा दिवस थांबते. ‘उद्या सही करा नाहीतर ऑफर रद्द’ म्हणणाऱ्या ठिकाणी पुढेही सगळं तसंच चालतं. सरांची जागा आणि मेडिक्लेम मिळत असेल तर राहिले असते, अगदी ४५ वरही. ती जागा बाहेरच्या कोणाला जाणार असेल किंवा उत्तर ‘बघू’ असं आलं, तर गेले असते. कारण मग मार्चनंतरचं ते ग्रंथालय, ज्याच्यासाठी तुम्ही एवढे अडून बसलायत, ते आजचं राहणार नाही. रोजच्या त्या ओळींमध्ये फक्त कागदच कागद आला तर माझं मत थोडं राहण्याकडे झुकेल. बायकोने सांगितलेला आकडा मोठा निघाला तर जाण्याकडे. हे दोन्ही तुमच्याकडूनच कळणार, मला इथून दिसत नाही.

जायचं ठरलंच तर दोन व्यवहाराच्या गोष्टी. कायम नोकरीत पाच वर्षं पुरी व्हायला तुम्हाला दहा महिने कमी आहेत. मूळ पगार २२,००० असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी ६३,००० च्या घरात जाते (मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं) आणि आत्ता निघालात तर ती सोडावी लागेल. त्यासाठी दहा महिने थांबा असं मी म्हणणार नाही, पण एवढी रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून मागा. हे कारण एचआरला लगेच पटतं, कारण त्यांनाही ते नियम माहीत असतात. बोनस मिळाला तर वर्षाच्या आत सोडल्यास तो परत द्यावा लागतो का ते वाचून घ्या, बहुधा द्यावा लागतो. आणि जुना पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या तुमच्या कायम क्रमांकावर, ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो. शिवाय पीएफच्या पेन्शन योजनेत तुम्ही असाल तर तिथे दहा वर्षांची सेवा लागते, त्यात ही चार मोजली जातात.

नेमणूकपत्रात ‘अन्य कोणतंही काम करता येणार नाही’ असं कलम असतं. शनिवारी जुन्या प्रयोगशाळेत जायचं असेल तर सही करण्याआधी त्यात ‘विनामोबदला संवर्धनकार्य वगळून’ एवढे शब्द घालून घ्या. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर ६० मागा. पगाराचा पूर्ण तक्ता मेलवर आल्याशिवाय ग्रंथालयात राजीनामा देऊ नका, फोनवर कितीही गोड बोलले तरी. तक्ता आला की वर मांडलेला हिशोब त्या आकड्यांवर परत करून बघा. हातात येणारी रक्कम ५५ च्या खाली निघाली तर मला ही ऑफर घेण्यासारखी वाटत नाही.